मंद आचेवर टेंभुर्णी

कुठला प्रवास सगळ्यांत जास्त आवडला असं कुणी विचारलं, की त्यांना कोकणाचं नाहीतर केरळचं नाव अपेक्षित असतं. मी जालना जिल्हा म्हणते. समोरचा माणूस विचारतो, "तिकडे कुणी नातेवाईक असतात का?" नातेवाईक नाहीत. समुद्र नाही, थंड हवेचं ठिकाणही नाही. थंड हवा मात्र जानेवारीत भरपूर असते, आणि या सगळ्या हकिगतीला तीच कारण झाली.

माझा नवरा यशवंत नाशकात ट्रक-बसच्या बॉडी बांधणाऱ्या वर्कशॉपमध्ये होता. त्याने एका बेकरीची पाव पोचवायची जुनी पांढरी व्हॅन घेतली आणि दोन वर्षं रविवार-रविवार तिच्यात ठोकाठोक केली. आत दोन बाजूंना बाकं, मधे फळी टाकली की तिघांना पुरेल असा पलंग. मागच्या दाराशी घडीचा ओटा आणि त्यावर दोन बर्नरची शेगडी. गॅसचा छोटा सिलेंडर त्याने गाडीच्या आत ठेवला नाही. पोटाखाली लोखंडी पेटी बसवली आणि तिच्या तळाला भोकं पाडली. "गॅस हवेपेक्षा जड," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "गळला तर खाली रस्त्यावर जाईल, आपल्या उशाशी येऊन बसणार नाही." गाडीच्या अंगाला एक जमिनीलगत आणि एक छताजवळ अशा हवेसाठी दोन झडपा ठेवल्या होत्या. त्या कधीही बंद व्हायला नकोत म्हणून त्याने त्यांना झाकणच केलं नव्हतं, फक्त जाळी.

या गाडीतून आम्ही तोवर दोनदा जवळपास जाऊन आलो होतो. लांबचा प्रवास ठरला तो आईमुळे. माझी आई तेव्हा सत्तरीची. तिचे वडील निजामाच्या काळात भोकरदनला दवाखान्यात कंपाउंडर होते, म्हणून तिचं चौथीपर्यंतचं शिक्षण तिथलं. तिथली तिची मैत्रीण कुसुम लग्न होऊन टेंभुर्णीला गेली, आई नाशकात आली. मधल्या काळात दोघी एकदाच भेटल्या होत्या, त्यालाही तीस वर्षं होऊन गेली होती. त्या दिवाळीत कुसुममावशींच्या मुलाचं पत्र आलं, 'आईला आता फारसं दिसत नाही. तुमची आठवण काढते.' आईने पत्र दोनदा वाचलं, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि महिन्याभराने जेवताना जावयाला विचारलं, "यशवंतराव, तुमची ती गाडी टेंभुर्णीपर्यंत जाते का हो?"

गाडीबद्दल असा प्रश्न यशवंतला आजवर कुणी इतक्या आदराने विचारला नव्हता. नाताळच्या सुट्ट्यांत माझ्या शाळेच्या सहली होत्या, म्हणून मी जानेवारीत रजा टाकली आणि आम्ही निघालो.

हसनाबाद

औरंगाबाद मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना शाळूची ज्वारी सुरू झाली. कणसं भरत आलेली, मधेच हरभऱ्याचे हिरवे पट्टे, आणि कापसाची वेचणी संपून काळ्या पडलेल्या पऱ्हाट्या. आई खिडकीला नाक लावून बसली होती. नाशकात पन्नास वर्षं 'नाही' म्हणणारी माझी आई एका थांब्यावर पेरूवाल्याला म्हणाली, "न्हाई बाबा, हे कच्चे हाएत, बराबर पिकलेले दे." मी वळून पाहिलं. तिला स्वतःला काही कळलं नव्हतं.

हसनाबाद ओलांडल्यावर रस्त्याकडेला एक विहीर, तिच्यावर लिंबाचं झाड आणि खाली सपाट जागा दिसली. उन्हं उतरायला आली होती. गाडी थांबवली तोच ज्वारीतून एक पागोटेवाले गृहस्थ लगबगीने बाहेर आले.

"डॉक्टर कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कुठले डॉक्टर?"

"दवाखान्याची गाडी हाये ना ही? पांढरी?"

आम्ही दार उघडून आतला पलंग, ओटा, शेगडी असं सगळं दाखवलं. ते दगडूबा, त्या शेताचे मालक. त्यांनी आत डोकं घालून प्रत्येक वस्तू नीट पाहिली आणि म्हणाले, "मंग घर सोडलं कशाला? सगळं घर तर घेऊन फिरून राह्यले." रात्री तिथे थांबायला त्यांनी आनंदाने परवानगी दिली. त्यांच्या बायकोने टोपलीभर कणसं आणून दिली, गोवऱ्यांच्या आरावर हुरडा भाजला, लसणाची चटणी काढली. आई तळहातावर कणीस चोळून दाणे फुंकत होती आणि माझ्या चोळण्यातल्या चुका दाखवत होती.

हुरड्यावर चहा हवा म्हणून मी शेगडी पेटवली. नाशकात सहा-सात मिनिटांत होणारा चहा. इथे दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, पाण्याला साधी कड येईना. ज्योत बर्नरला चिकटून बसलेली, मण्यांएवढी. नॉब पूर्ण फिरवला तरी तेवढीच. यशवंत गाडीखाली गेला आणि सिलेंडरला हात लावून "अरे बाप रे" म्हणाला. सिलेंडर माठासारखा गार पडला होता आणि बाहेरून घामेजला होता.

दगडूबा उकिडवे बसून शांतपणे बघत होते. "हिलाबी थंडी वाजून राह्यली वाटतं," ते म्हणाले.

यशवंतने त्यांना समजावून सांगितलं. सिलेंडरमधला गॅस पातळ असतो, बाहेरची ऊब घेऊन त्याची वाफ होते आणि ती वाफ आपण जाळतो. थंडीत त्याला ऊब मिळत नाही, त्यातून पेटी वाऱ्यात लटकलेली.

"मंग त्याला गोधडी द्या की," दगडूबा म्हणाले आणि स्वतः तीन दगड मांडून पऱ्हाट्या पेटवल्या. आमचं भांडं शेगडीवरून उचलून त्यांच्या चुलीवर गेलं आणि पाच मिनिटांत चहा झाला. चहा फार छान झाला होता, पण यशवंतने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. झोपण्याआधी मात्र त्याने सिलेंडरभोवती दोन पोती घट्ट गुंडाळली. शेजारच्या रानात धनगरांनी खतासाठी मेंढरं बसवली होती, त्यांच्या घंटा ऐकत आम्ही झोपलो.

पहाटे साडेपाचला यशवंत उठून रानाकडे गेला. बाहेर दाट धुकं होतं. आई जागी होती आणि तिला हुडहुडी भरली होती. तिला ऊन पाण्याने हातपाय-तोंड धुऊ द्यावं म्हणून मी मोठं पातेलं शेगडीवर चढवलं. पोती गुंडाळून काही फरक पडला नव्हता, उलट ज्योत कालच्याहून मरगळलेली होती. मी दोन्ही बर्नर लावले. आत जरा ऊब धरेल म्हणून मागचं दार ओढून घेतलं आणि खिडक्यांच्या काचा लावल्या.

मी शाळेत सामान्य विज्ञान शिकवते. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो, तो कमी पडला तर काय होतं, हे सातवीच्या मुलींकडून मी दरवर्षी पाठ करून घेते. त्या सकाळी ज्योत पिवळी पडलेली मी पाहिली आणि मनात आलं ते एवढंच, की पाण्याला आज वेळ लागणार.

डोकं जड झालं. नीट झोप झाली नाही म्हणून असेल, असं वाटलं. आई म्हणाली, "नंदा, मळमळतंय गं." मी "हुरडा जास्त झाला" म्हणाले बहुतेक. मग ती काही बोलली नाही. मी बाकावर बसले होते. पाणी उकळायला लागलं होतं, झाकण थडथडत होतं, आणि उठून ते काढावं असं वाटत असूनही पाय उचलत नव्हते. मला भीती वाटली नाही. त्या वेळी भीती वाटली नाही हे आठवलं, की आता वाटते.

मग दार वाजू लागलं. कुणीतरी काठीने ठोकत होतं.

"आवो डॉक्टर! उठा की! म्या केव्हाची वाजवून राह्यले!"

मी उत्तर दिलं नाही. दाराची कडी आतून लावलेली नव्हती. दार उघडलं आणि गार हवेचा लोट तोंडावर आला. समोर घोंगडी पांघरलेली, कपाळावर मोठं कुंकू लावलेली एक बाई उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि हातातली काठी टाकली.

"अगं माय! धूर न्हाई, काई न्हाई, अन् मान्सं पडलेले!"

तिने आधी मला दंडाला धरून बाहेर ढकललं. मी गुडघ्यांवर पडले. मग ती आत चढली आणि आईला दोन्ही काखांत हात घालून ओढत बाहेर आणू लागली, आणि ओढताना मोठमोठ्याने ओरडत होती. ती आम्हाला उठवायला ओरडते आहे असं मला वाटलं. नंतर कळलं, की तिच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं, अंगठा वांग्यासारखा सुजलेला, आणि त्याच हाताने तिने आईला उचललं होतं.

आरडाओरडा ऐकून यशवंत हातातला तांब्या फेकून पळत आला. आईला विहिरीच्या कट्ट्याजवळ घोंगडीवर निजवलं. तो तिचे गाल थोपटत "आई, आई" म्हणत होता. तिचा श्वास चालू होता, पण मान एका बाजूला कलत होती. मी तिचा हात हातात धरला होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग आईने डोळे उघडले, वर वाकलेल्या त्या अनोळखी तोंडाकडे पाहिलं आणि बारीक आवाजात विचारलं, "कोण गं तू?"

"म्या ठकू. पल्याडच्या रानात आमची मेंढरं हाएत." तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "अन् तुमच्यात डॉक्टर कुनीच न्हाई का?"

मला हसू आलं आणि त्याबरोबरच रडू फुटलं.

यशवंत श्वास रोखून गाडीत गेला, शेगडी बंद केली, सगळी दारं-खिडक्या उघडल्या. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत चिंध्यांचे बोळे होते, आईच्या जुन्या लुगड्याच्या. दोन्ही झडपांत ते घट्ट कोंबलेले होते. तो ते घेऊन नुसता उभा राहिला. आईने डोळे मिटून घेतले.

"उभं काय राह्यले?" ठकूबाई म्हणाली. "जल्दी भोकरदनला चला. सरकारी दवाखाना हाये तिथं. मलाबी यायचंच हाये."

भोकरदन

त्या रस्त्याचं वर्णन मला करता येणार नाही, कारण मी रस्ता पाहिलाच नाही. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, धुक्याचा वारा आत येतोय, आईचं डोकं माझ्या मांडीवर आणि तिच्या अंगावर ठकूबाईची घोंगडी. ठकूबाई पुढे यशवंतच्या शेजारी बसून वळणं सांगत होती आणि मधूनमधून मागे वळून आईला हाक मारत होती, "म्हातारे, बोलत राहा. तुझं माहेर कुठलं?" आई प्रत्येक वेळी काहीतरी उत्तर द्यायची. भोकरदन आलं तेव्हा तिचं सगळं बालपण ठकूबाईला कळलं होतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आईला लगेच ऑक्सिजन लावला, मलाही थोडा वेळ लावला, आणि मग खुर्ची ओढून विचारू लागले.

"बंद गाडीत शेगडी किती वेळ चालू होती?"

"चाळीस मिनिटं तरी."

"हवा पुरली नाही की ज्योतीतून विषारी वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस जातो. पाव तास उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो." ते लिहीत होते. "तुम्ही काय करता?"

"शिक्षिका आहे."

"विषय?"

"सामान्य विज्ञान," मी म्हणाले.

त्यांनी लिहिणं थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "यापुढे हा धडा चांगला शिकवाल."

शेजारच्या खोलीत ठकूबाईच्या अंगठ्याला चीर दिली. "अगं मायऽऽ" अशी एकच आरोळी सबंध दवाखान्याने ऐकली. मग ती पांढरंशुभ्र बँडेज बांधलेला अंगठा वर धरून बाहेर आली आणि आईच्या खाटेवर बसली. तीन रात्री ठणक्याने डोळ्याला डोळा नव्हता, म्हणून ती त्या पांढऱ्या गाडीकडे आली होती. "आता आठ दिवस शेळ्या धन्यानं पिळायच्या," ती समाधानाने म्हणाली. "कळू द्या त्याला." मी तिचे आभार मानायला लागले तर ती म्हणाली, "म्या कुठं तुमच्यासाठी आल्ते? म्या माझ्या बोटासाठी आल्ते." दुपारच्या एसटीने ती परत गेली. घोंगडी आईजवळच ठेवली. "सामान न्यायला याल तवा आणा," म्हणाली, कारण आमची अर्धी भांडी, बादली, ताडपत्री सगळं विहिरीजवळच राहिलं होतं.

डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घ्यायचं ठरवलं. आईला झोप लागल्यावर मी यशवंतला शोधायला बाहेर पडले. तो केळणा नदीच्या काठी एका खडकावर बसला होता.

"उद्या सोडलं की नाशिकला परत जायचं," तो म्हणाला. "गाडी विकून टाकतो."

"चिंध्या आईने कोंबल्या. शेगडी मी पेटवली, दार मी लावलं. तू काय केलंस?"

"आईच्या जागेवर मी एकदाही झोपून पाहिलं नाही," तो म्हणाला. "खालची झडप जिथे दिली, त्याच बाजूला आईचं उसं आलं. रात्रभर वारा सरळ तिच्या मानेवर. कुठलंही म्हातारं माणूस तिथे चिंधी कोंबेलच. मी हवेचा विचार केला, माणसाचा केला नाही." आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि त्याला रडताना मी दुसऱ्यांदा पाहत होते.

परत आलो तर आई उशीला टेकून बसली होती. यशवंतला तिने जवळ बोलावलं.

"चिंध्या मी कोंबल्या, यशवंतराव. तुम्ही सांगितलेलं मी ऐकलं होतं. तुम्हाला उठवायचं कशाला म्हणून गुपचूप कोंबल्या, आणि पहाटे नंदाला सांगायचं राहिलं. मला माफ करा."

"आई, असं काय बोलता. उद्या आपण घरी जाऊ."

"घरी नंतर. उद्या टेंभुर्णी." तिने दोघांकडे पाहिलं. "कुसुमला दिसायचं बंद होईतो मी वाट बघितली. आता काय व्हायची बघू?"

यशवंत खिशातून टेप काढून गाडीकडे गेला. संध्याकाळी तो बाजारातून एका पत्रेवाल्याला घेऊन आला. दवाखान्याच्या फाटकाबाहेर तासभर ठाकठूक चालली. दोन्ही झडपांपुढे आतून पत्र्याचे तिरके पडदे बसले, म्हणजे हवा खेळती राहील, पण कुणाच्या मानेवर येणार नाही. आई खिडकीतून पाहत होती.

पुन्हा विहिरीवर

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत डॉक्टरांनी आईला सोडलं. शेगडी गाडीत पेटवायची नाही, असं त्यांनी चिठ्ठीवर औषधांच्या खाली लिहून दिलं आणि त्याखाली रेघ ओढली. आम्ही सामान आणायला दगडूबांच्या रानात गेलो तेव्हाही धुकं होतं. ज्वारीच्या पानांवरून पाणी टपकत होतं. आणि विहिरीवरची मोटार चालू होती. पाटातून वाहणाऱ्या पाण्यावर वाफा दिसत होत्या.

ठकूबाई पाटाकाठी बसून डाव्या हाताने तोंड धूत होती. आईला चालत येताना पाहिलं आणि ती ओल्या तोंडाने उठून आली. दोघींनी एकमेकींना मिठी मारली. बँडेजचा अंगठा मधे येऊ नये म्हणून तिने तो वर धरला होता.

यशवंतने पाटात हात घातला. "हे पाणी गरम कसं?"

"हिवाळ्यात हिरीचं पाणी ऊनच असतंय," ठकूबाई म्हणाली. "उन्हाळ्यात गार. तुमच्याकडं न्हाई का असं?"

यशवंतने गाडीखाली शिरून सिलेंडर सोडवला, पोती काढून फेकली. दगडूबांकडून एक मोठं घमेलं आणलं, त्यात विहिरीचं ताजं पाणी भरलं आणि सिलेंडर त्यात उभा केला. शेगडी बाहेर लिंबाखाली दगडांवर मांडली, वाऱ्याच्या बाजूला पत्रा टेकवला. मग सगळ्यांना मागे व्हायला सांगून काडी ओढली. ज्योत सुरुवातीला तशीच बसकी होती. दोन-तीन मिनिटं गेली. मग ती हळूहळू वर आली, निळी झाली आणि भर्रर्र असा आवाज करत दोन बोटं उंच उभी राहिली.

"आंघोळ घातली तवा उठली," दगडूबा म्हणाले.

"मी पोती गुंडाळली तिथेच चुकलं," यशवंत मला सांगत होता, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्याचे डोळे चमकत होते. "बाहेरून थोडीफार ऊब मिळत होती ती मीच तोडली. त्याला पांघरूण नको, ऊन पाणी पाहिजे. पण कोमट बरं का, उकळतं कधी नाही. आणि विस्तव तर जवळसुद्धा नाही."

"मी परवा गोधडी द्या म्हनलं, ते चुकलं का मंग?" दगडूबांनी विचारलं.

"चुकलं," यशवंत म्हणाला आणि दोघंही हसले.

त्या शेगडीवर मी पोहे केले. ठकूबाईचा नवरा शेळीचं दूध घेऊन आला, त्याचा चहा झाला. ठकूबाईने पोहे चाखले, थोडा विचार केला आणि गाठोड्यातून मिरचीचा ठेचा काढून त्यावर घातला. आईकडून आपली घोंगडी परत घ्यायला तिने साफ नकार दिला. शेवटी आईने आपली शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली, तेव्हा सौदा मिटला.

टेंभुर्णी

जाफराबादला पूर्णेचा पूल ओलांडून टेंभुर्णीत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. कुसुममावशींचं घर गावात, पुढे फरशीचं अंगण. मुलगा शेतात होता. सून सुलोचना दारात आली. आम्ही कोण हे कळताच तिने आत न जाता तिथूनच हाक दिली, "आत्याबाई, नाशिकच्या आल्या!"

कुसुममावशी भिंतीला हात लावत बाहेर आल्या. लहानखुऱ्या, ताठ, जाड भिंगाचा चष्मा. आई पायरीवर थांबली होती. तिला पुढे होववेना. मावशींनी हात पुढे करून तिचं तोंड चाचपलं. कपाळ, गाल, हनुवटी.

"शांते," त्या म्हणाल्या, "नाक तेवढं तुझंच राह्यलं. बाकी समदं दुसऱ्याचं हाये."

आई हसता हसता रडायला लागली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या दोघींनी आम्हाला विचारलं नाही. सुलोचनाने आम्हाला भाकरी, उडदाचं घुटं आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी वाढली. आमच्याकडे ही भाजी ताकातली पातळ होते. इथली कोरडी, लसणाची खमंग फोडणी दिलेली. मी तिसऱ्यांदा घेतली तेव्हा सुलोचनाने पातेलंच पुढ्यात ठेवलं.

आईने शेगडीची सगळी गोष्ट मावशींना सांगितली, चिंध्यांसकट. सकाळी मावशींनी फर्मान काढलं, "ती पाण्यात बसनारी चूल दाखवा मला." यशवंतने अंगणात सगळा संसार मांडला. घमेल्यात आडाचं पाणी, त्यात सिलेंडर, पत्र्याचा आडोसा. थंडी कडक होती, गल्लीतल्या आठ-दहा बायका पदर कानांवर घेऊन बघायला जमल्या. ज्योत भर्रर्र करत उभी राहिली, आणि मावशींनी मान त्या आवाजाकडे वळवली.

"मी करते चहा," त्या म्हणाल्या.

सुलोचना चटकन पुढे झाली. "आत्याबाई, नका. मी करते ना."

मग मला कळलं. दोन वर्षांपूर्वी मावशींचा पदर चुलीवर पेटला होता. सुलोचनाने तो हातांनी विझवला, तिच्या मनगटावर अजून व्रण आहे. त्यानंतर घरात गॅस आला, पण तिने सासूला ओट्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. सुलोचना कठोर नव्हती. ती घाबरलेली होती.

आई उठली. तिने मावशींचा पदर घेतला, कमरेला दोनदा गुंडाळून घट्ट खोचला आणि शेजारी बसली. "मी इथं हाये," ती म्हणाली. सुलोचना थांबली. पण मागे सरकली नाही, हाताच्या अंतरावर उभी राहिली.

मावशींनी पाणी हाताच्या मापाने घातलं. साखर मुठीने. नॉब बोटांनी चाचपला आणि कान देऊन फिरवला. "हे जास्त झालं," त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली आला. "हां. आता बराबर." पाणी खदखदलं तसं त्यांनी पत्ती टाकली, आलं ठेचून टाकलं, दूध ओतलं. दूध वर यायला लागलं की आवाज कसा बदलतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आधी बारीक सळसळ, मग ती एकदम दबते. ती दबली त्याच क्षणी मावशींनी नॉब बंद केला. दूध काठाला टेकून खाली बसलं. एक थेंबही सांडला नव्हता.

सुलोचनाने चहा गाळला आणि पहिला कप स्वतः घेतला. घोट घेतला. कपात पाहत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण ती बोलली ते अगदी रोजच्या आवाजात.

"उद्यापासून सकाळचा चहा तुमच्याकडं, आत्याबाई. मी जवळ बसत जाईन."

"उद्यापासून?" मावशी म्हणाल्या. "अन् आज दुपारचा कोनाकडं हाये?"